ब्रेकर पडला नाही, तरीही जळका वास

एसी चालू आहे, हवाही गार येते आहे, ब्रेकर पडलेला नाही. आणि तरीही छताच्या जाळीतून जळका वास येतो आहे. अमेरिकेत आरव्ही घेऊन फिरणाऱ्यांना, म्हणजे स्वयंपाकघर, पलंग आणि न्हाणीघर असलेली मोठी गाडी घेऊन निघालेल्यांना, हा प्रसंग ऐन उन्हाळ्यात गाठतो. सुट्टीत अशी गाडी भाड्याने घेणारी मराठी कुटुंबंही तिकडे आता कमी नाहीत. अशा वेळी माणूस स्वतःची समजूत घालतो की काही गंभीर असतं तर ब्रेकर पडलाच असता. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे एकदा नीट कळलं, की वासाचा उगम शोधण्याचं निम्मं काम होतं.

पण शोध नंतर. वास येताक्षणी थर्मोस्टॅटवर एसी बंद करायचा आणि गाडीतल्या पॅनेलवरचा त्याचा ब्रेकर खाली पाडायचा. मग बाहेर जाऊन, जिथून गाडीला वीज घेतली आहे त्या खांबावरचा ब्रेकर बंद करायचा आणि त्यानंतरच प्लग उपसायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण भार चालू असताना प्लग ओढला तर त्याच्या पात्यांवर ठिणगी पडते आणि आधीच खराब झालेला सॉकेट आणखी जळतो. धूर दिसत असेल तर यातलं आतलं काहीही करत बसू नये. सगळ्यांनी बाहेर पडावं, खांबावरची वीज तोडावी आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. आरव्हीच्या भिंतींत प्लायवूड, फोम आणि फायबरग्लास असतं. तिथे लागलेली आग विचार करायला वेळ देत नाही.

आता छतावर काय बसवलेलं असतं ते पाहू. आरव्हीच्या छताला साधारण १४ इंच लांब-रुंद असं चौकोनी भोक असतं आणि त्यावर अख्खा एसी बसवलेला असतो. आपल्या घरच्या स्प्लिट एसीसारखे दोन भाग नाहीत. कॉम्प्रेसर, गरम कॉइल, थंड कॉइल, पंखे, सगळं एकाच प्लॅस्टिकच्या टोपाखाली. क्षमता बहुतेक वेळा तासाला १३,५०० किंवा १५,००० बीटीयू. आपल्या भाषेत पहिला एक टनाहून थोडा मोठा आणि दुसरा सव्वा टनाचा. बऱ्याच मॉडेलांत पंख्याची मोटार एकच असते आणि तिचा दांडा दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. एका टोकाला बाहेरची हवा गरम कॉइलवरून ओढणारा पंखा, दुसऱ्या टोकाला आतली हवा थंड कॉइलमधून ढकलणारा पिंजऱ्यासारखा ब्लोअर. हा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच हवा फिरवतो. त्यामुळे जाळीतून जोरदार वास येत असेल, तर संशय आधी आतल्या बाजूच्या गोष्टींवर घ्यावा: ब्लोअरची मोटार, छतातले वायरचे जोड, कंट्रोल बोर्ड, हीटर असलाच तर हीटर. कॉम्प्रेसर बाहेरच्या कप्प्यात असतो. मात्र दोन कप्प्यांमधला फोमचा पडदा उन्हाने आणि वयाने झडलेला असेल, तर तिकडचा वासही आत झिरपतो.

अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची. आपल्याकडची २३०. तेवढ्याच ताकदीचं यंत्र चालवायला तिथे जवळजवळ दुप्पट करंट लागतो. हा एसी चालू असताना साधारण १३ ते १५ अँपिअर ओढतो. जोडात निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एखादा सैल जोड आपल्या घरी जितका तापेल त्याच्या जवळजवळ चौपट तो तिथे तापेल. अमेरिकी आरव्हीच्या जळलेल्या प्लगांची आणि जोडांची मोठी गोम इथे आहे.

ब्रेकरकडे येऊ. ब्रेकरमध्ये दोन यंत्रणा असतात. शॉर्ट सर्किट झालं की विद्युतचुंबक झटक्यात खटका सोडतो. आणि करंट बराच वेळ मर्यादेपेक्षा जास्त राहिला तर दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका सोडते. दोन्ही यंत्रणा पाहतात ते करंट. वायरीच्या वाटेत कुठे, कोणत्या बिंदूवर, किती उष्णता जमते आहे याची त्यांना काहीच कल्पना नसते. शिवाय ब्रेकरवर २० लिहिलं आहे म्हणून तो २१ अँपिअरला पडेल असंही नाही. अमेरिकी मानकानुसार मर्यादेच्या १३५ टक्के करंट वाहत असेल, तर घरगुती आकाराच्या ब्रेकरला पडायला एक तासापर्यंत मुभा आहे. २० चा ब्रेकर २७ अँपिअर बराच वेळ वाहू देऊ शकतो. ब्रेकर भिंतीतल्या वायरीला जपण्यासाठी आहे. जोडाला जपणारं तिथे कुणी नाही.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. १९७७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने घरगुती वायरिंगमधल्या सैल जोडांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. विजेच्या बाबतीत इतकं अस्वस्थ करणारं दुसरं फारसं काही माझ्या वाचनात नाही. स्क्रूखाली वायर थोडी सैल ठेवून नेहमीचा करंट वाहू दिला, तर जोड लालबुंद होऊन तसाच उजळत राहतो. १५ अँपिअरला असा एक जोड ३५ वॉटपर्यंत उष्णता बाहेर टाकतो. लहान सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच ताकदीचं असतं, आणि इथे ते प्लॅस्टिकच्या डबीत, लाकडाला खेटून, तासन्‌तास चालू. या सगळ्या काळात दिवे मंद होत नाहीत, उपकरणं नीट चालतात, फ्यूज उडत नाही, ब्रेकर पडत नाही. करंट तर मर्यादेतच आहे ना!

सैल जोड स्वतःला बिघडवत जातो. वायर आणि स्क्रू यांचा स्पर्श खऱ्या अर्थाने फार थोड्या सूक्ष्म टोकांवर होतो. जोड ढिला झाला की ती टोकं आणखी कमी होतात, रोध वाढतो, जागा तापते. तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा काळा थर चढतो, तो वीज वाईट वाहतो, जागा आणखी तापते. एसी बंद झाला की धातू आकसतो, चालू झाला की फुगतो, आणि दर फेऱ्यात पकड थोडी सुटते. जवळचं पीव्हीसीचं आवरण पुरेसं तापलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो आणि तो तांब्यालाच गंजवतो. शेवटी प्लॅस्टिकचा कोळसा होतो. कोळसा वीज वाहतो. जे इन्सुलेशन होतं तेच आता विजेची वाट बनतं. जळका वास येतो तो या साखळीच्या मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर. म्हणजे वास येईपर्यंत रसायन बदललेलं असतं. एसी पुन्हा चालू करून ‘आता येतोय का वास’ हे बघत बसणं म्हणूनच घातक आहे.

आणि आरव्ही हे तर हलणारं घर. महामार्गाच्या सांध्यांवर, खडीच्या रस्त्यावर त्यातला प्रत्येक स्क्रू तासन्‌तास थरथरतो. सैल जोडांच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, एसीच्या आतल्या जोडपेटीत: गाडीच्या वायरिंगची जाड एकतारी वायर आणि एसीची मऊ बहुतारी वायर वायर-नटने, म्हणजे प्लॅस्टिकच्या फिरकीच्या टोपीने, पिळून जोडलेली असते. ताठ आणि मऊ वायर एकत्र पिळली की कंपनाने मऊ वायर हळूहळू निसटते. दुसरी जागा ट्रान्सफर स्विच, म्हणजे जनरेटर आणि बाहेरची वीज यांच्यात अदलाबदल करणारी पेटी. ती बहुधा पलंगाखाली किंवा सामानाच्या कप्प्यात असते आणि वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. तिसरी, पॅनेलमधल्या ब्रेकरचा स्क्रू. चौथी, बाहेरचा प्लग.

हा प्लग थोडा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक लोक छताकडे बघत राहतात आणि याच्याकडे कुणी वळत नाही. लहान आरव्हींना ३० अँपिअरचा तीन पात्यांचा प्लग असतो: १२० व्होल्ट, म्हणजे जास्तीत जास्त ३,६०० वॉट. मोठ्या गाड्यांना ५० अँपिअरचा चार पात्यांचा, ज्यात १२० च्या दोन वेगळ्या लाइन येतात आणि एकूण १२,००० वॉट मिळतात. ३० च्या गाडीत एसी, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवणारा हीटर एकदम चालवला, की प्लग त्याच्या मर्यादेला टेकतो. कॅम्पग्राउंडच्या, म्हणजे आरव्ही मुक्कामाला लावायच्या जागेच्या, खांबावरच्या सॉकेटमध्ये दर दोन-तीन दिवसांनी नवा पाहुणा प्लग खुपसतो आणि उपसतो. आतल्या पितळी पट्ट्यांची पकड जाते. आपल्या घरी गिझरच्या किंवा इस्त्रीच्या प्लगचं एक पातं तपकिरी पडलेलं आणि भोवतीचं प्लॅस्टिक वितळलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. जळलेला सॉकेट नव्या प्लगलाही जाळतो, आणि जळलेला प्लग नव्या सॉकेटला. एकच बदलून भागत नाही.

घराच्या अंगणात आरव्ही उभी करून नेहमीच्या सॉकेटमधून पातळ एक्स्टेन्शनने एसी चालवणं, हा प्रकारही सर्रास चालतो. हिशोब करून बघा. अमेरिकेत १६ गेज म्हणून मिळणाऱ्या ५० फुटी वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.४ ओहम भरतो. १५ अँपिअरला त्यात ६ व्होल्ट गळतात आणि ९० वॉट उष्णता वायरीतच निर्माण होते. वायर पसरलेली असेल तर ती हवेत निघून जाते; गुंडाळी करून ठेवली असेल तर आतल्या वेढ्यांना ती बाहेर टाकायला जागाच नसते. १० गेजच्या जाड वायरीत हाच तोटा जेमतेम दीड व्होल्ट असतो.

व्होल्टेज गळण्याचा दुसरा, मोठा परिणाम छतावर दिसतो. हा भाग महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला पाठ आहे: व्होल्टेज कमी, मोटार घुमते पण फिरत नाही, आणि थोड्या वेळात पंप जळाल्याचा वास. कॉम्प्रेसरची मोटार त्याच जातीची, इंडक्शन मोटार. तिचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १२० चे १०० व्होल्ट झाले तर व्होल्टेज सतराच टक्के कमी झालं. पण जोर जवळजवळ एकतीस टक्क्यांनी गेला. गॅस दाबण्याचं काम मात्र तेवढंच राहिलं. मग मोटार मागे पडते आणि ते भरून काढायला जास्त करंट ओढते. फिरूच शकली नाही तर नेहमीच्या पाच-सहा पट करंट वाइंडिंगमधून वाहत राहतो, आणि उष्णता त्याच्या वर्गाने, म्हणजे पंचवीस ते छत्तीस पट.

कॅम्पग्राउंडवर व्होल्टेज पडतं ते कुणाच्या निष्काळजीपणानेच असं नाही. तिथली वीजव्यवस्था एका गृहीतकावर आखलेली असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत आरव्ही पार्कसाठी तक्ता आहे: ३६ किंवा त्याहून जास्त जागा असतील, तर सगळ्या जागांच्या एकूण भाराच्या ४१ टक्के धरून मुख्य वायर निवडली तरी चालते. सगळे एकाच वेळी पूर्ण वीज ओढणार नाहीत, हा त्यामागचा अंदाज. ऑक्टोबरात तो बरोबर ठरतो. चार जुलैच्या सुट्टीत, ॲरिझोना किंवा नेवाडातल्या वाळवंटात, दुपारी चार वाजता, तो ठरत नाही. त्या तासाला प्रत्येक छतावरचा कॉम्प्रेसर चालू असतो, आणि रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या गाडीला सर्वांत कमी व्होल्टेज मिळतं. म्हणून वास दुपारीच येतो आणि रात्री येत नाही, ही माहिती तंत्रज्ञाला फार उपयोगी पडते. गाडीत एका सॉकेटमध्ये साधा व्होल्टमीटर लावून ठेवला आणि एसी चालू असताना त्याच्यावर नजर ठेवली, तर बऱ्याच प्रकरणांचा उलगडा तिथेच होतो. आरव्हीसाठी मिळणारी चांगली संरक्षक उपकरणं १०४ व्होल्टच्या आसपास वीज स्वतःहून तोडतात. आपल्याकडच्या स्टॅबिलायझरसारखी ती व्होल्टेज वाढवत नाहीत, नुसती तोडतात. पण तेवढ्याने कॉम्प्रेसर वाचतो.

वाइंडिंगचं आवरण लगेच जळत नाही, म्हातारं होतं. तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिकजातीच्या इनॅमलचा अतिशय पातळ थर असतो आणि तो किती उष्णता सोसेल याचे वर्ग ठरलेले आहेत: बी वर्ग १३० अंश सेल्सियस, एफ वर्ग १५५ अंश. १९३० मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या माँटसिंगर यांनी ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनचा अभ्यास करून एक ठोकताळा मांडला, तो आजही वापरात आहे: तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. १९४८ मध्ये संशोधक डाकिन यांनी त्याला रासायनिक पाया दिला. आवरणाचं झिजणं ही रासायनिक अभिक्रियाच आहे आणि तापमानाबरोबर तिचा वेग रसायनशास्त्रातल्या अर्‍हेनियसच्या नियमाने वाढतो. म्हणजे एखाद्या उन्हाळ्यात वीस अंश जास्त तापलेल्या मोटारीने त्या काळात चौपट वेगाने आयुष्य खर्च केलं. पुढच्या वर्षी ती एखाद्या साध्याशा दुपारी जळते आणि सगळे म्हणतात, काल तर उत्तम चालत होती.

कपॅसिटरचं काम याच मोटारीशी बांधलेलं आहे. एकाच फेजच्या विजेवर मोटारीला कोणत्या दिशेला फिरायचं ते उमगत नाही. कपॅसिटर दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट थोडा पुढे सरकवतो आणि तिला धक्का देतो. कायम जोडलेला रन कपॅसिटर प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचा असतो. उन्हात, टोपाखाली, वर्षं काढून त्याची क्षमता उतरते. मग सुरू करताना घूं असा आवाज, थोड्या वेळाने टक्‌ असा खटका, काही मिनिटांनी पुन्हा घूं. तो खटका कॉम्प्रेसरवरच्या उष्णतारक्षकाचा असतो. हे चक्र ऐकू आलं आणि सोबत वास असेल, तर एसी तसाच चालू ठेवणं म्हणजे दर फेऱ्याला वाइंडिंग भाजणं. काही एसींत सुरुवातीच्या धक्क्यासाठी वेगळा स्टार्ट कपॅसिटर आणि त्याला बाजूला करणारी सिरॅमिकची चकती असते. ही चकती नेहमीच्या कामातही शंभर अंशांच्या वर तापलेली असते; तिच्या भोवतीची टोकं सैल झाली की करपतात. आणखी एक सवय महागात पडते: एसी बंद करून लगेच चालू करणं. गॅसचा दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी चालू केला तर कॉम्प्रेसरला पूर्ण दाबाविरुद्ध उठावं लागतं आणि तो अडकतो. नव्या थर्मोस्टॅटमध्ये ही वाट पाहणं आपोआप होतं. आतून छताला फिरवायची गोल बटणं असलेल्या जुन्या एसीत ते आपल्याला लक्षात ठेवून करावं लागतं.

पंख्याची मोटार अडकली तरी तीच कथा, फक्त लहान प्रमाणात. तिची बेअरिंग कोरडी पडतात. शिवाय टोपाखाली उन्हाळ्यात कुंभारमाशी मातीची घरटी करते, आणि थंडीत उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर कापूस, पानं, फोमचे तुकडे आणून ठेवतात आणि वायरी कुरतडतात. वसंतात पहिल्यांदा एसी लावण्याआधी टोप काढून आत बघणं, हे मला आरव्हीवाल्याचं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. गरम कॉइल धुळीने आणि किड्यांनी भरलेली असेल तर तीही साफ होते. भरलेल्या कॉइलमुळे दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरचा करंटही.

आता नाकाकडे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या जवळपास ४०० प्रकारच्या ग्राहक प्रथिनांची जनुकं कामात असतात. अशी जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ चं नोबेल मिळवलं. हे नाक इथे उत्तम साधन आहे. वाइंडिंगचं इनॅमल तापलं की येणारा उग्र, डोक्यात जाणारा वास मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेलेला कुणीही ओळखतो. पीव्हीसीचा वास आंबूस, घशाला झोंबणारा. स्विच, प्लग आणि सर्किट बोर्डातली टणक प्लॅस्टिकं तापली की त्यातल्या नायट्रोजनच्या संयुगांमुळे कित्येकदा मासळीसारखा वास येतो. बंद गाडीत कुणी मासे शिजवलेले नसताना असा वास आला तर आधी वीज बंद करावी. ठिणग्या पडत असतील तर ओझोनचा तीक्ष्ण वास येतो.

आणि एक जळका वास खरोखर निरुपद्रवी असतो. काही छतावरच्या एसींत थंडीसाठी १,६०० वॉटच्या आसपासची हीटरची पट्टी असते. उन्हाळाभर तिच्यावर धूळ बसते आणि पहिल्या थंड रात्री ती चालू केली की धूळ करपते. हा वास फक्त हीटरवर येतो, धुराशिवाय येतो आणि काही मिनिटांत विरतो. विरला नाही, किंवा गार हवेवरही आला, तर तो धुळीचा नव्हे.

कुजलेल्या अंड्यासारखा वास मात्र या यादीतला नाही आणि त्याला वेगळं वागवावं लागतं. तो जास्त चार्ज झालेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा असू शकतो, किंवा गाडीतल्या प्रोपेनचा. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. टेक्ससमधल्या न्यू लंडनच्या शाळेत १८ मार्च १९३७ ला वास नसलेला नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला, सुमारे तीनशे जण, बहुतेक मुलं, गेली, आणि त्यानंतर वायूत वास मिसळण्याची सक्ती आली. प्रोपेनचा संशय असेल तर कोणताही स्विच चालू किंवा बंद करायचा नाही, एसीचाही नाही. सरळ बाहेर पडायचं आणि सिलिंडरची तोटी बंद करायची. वर सांगितलेला क्रम इथे लागू होत नाही.

नाकाच्या दोन मर्यादा आहेत. एकाच वासात काही मिनिटं बसलं की तो जाणवेनासा होतो; ‘गेला वाटतं’ असं म्हणण्याआधी बाहेर जाऊन मोकळ्या हवेत थांबून परत यावं, किंवा नुकत्याच आलेल्या माणसाला विचारावं. दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. २००४ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्कॅडन आणि रेचल हर्झ यांनी झोपलेल्या माणसांना पेपरमिंट आणि पिरिडीन यांचे वास देऊन पाहिले. पिरिडीनचा वास भयंकर घाणेरडा. तरीही गाढ झोपेतली माणसं त्याने उठली नाहीत, आवाजाने मात्र उठली. रात्रभर एसी लावून झोपणाऱ्यांनी धुराच्या अलार्मचं बटण दाबून तो वाजतो का, हे पाहिल्याशिवाय दिवा मालवू नये.

वीज तोडली, सगळं गार झालं, की तपासणी. सर्वांत आधी बाहेरचा प्लग आणि खांबाचा सॉकेट: तपकिरी पातं, वितळलेली कड. मग ट्रान्सफर स्विच आणि पॅनेल. मग आतली जाळी आणि छताचं झाकण उतरवून जोडपेटी. काळी पडलेली, कडक झालेली, चमक गेलेली वायर शोधायची, आणि प्रत्येक जोड हलकेच ओढून बघायचा. इथपर्यंतचं काम विजेच्या वस्तू हाताळण्याचा सराव असलेल्या माणसाला, प्लग काढलेला असताना, जमण्यासारखं आहे. जनरेटर बंद आहे आणि गाडीत इन्व्हर्टर असेल तर तोही बंद आहे, याची खात्री करावी. प्लग काढला म्हणजे वीज गेली असं समजून लोकांनी हात भाजून घेतले आहेत. कपॅसिटरला हात लावू नये. वीज गेल्यावरही त्यात विद्युतभार साठून राहतो; तो रोधकातून रिकामा करून, मीटरने खात्री करून मगच तंत्रज्ञ त्याची क्षमता मोजतो.

या तपासणीत कुठेही करपलेलं सापडलं नाही, तरच पुढचा टप्पा. व्होल्टमीटरवर नजर ठेवून आधी फक्त पंखा. पंख्यावरच वास आला तर मोटार किंवा तिचा कपॅसिटर. पंखा नीट चालला तर कूलिंग, आणि क्लॅम्प मीटरने करंट मोजून यंत्रावरच्या पाटीवरल्या आकड्याशी ताडून पाहणं. सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत वास म्हणजे संशय सुरुवातीच्या यंत्रणेवर. पंधरा-वीस मिनिटांनी हळूहळू वास म्हणजे सैल जोड किंवा पडलेलं व्होल्टेज. स्वस्तात मिळणारा इन्फ्रारेड थर्मामीटर अर्ध्या तासानंतर प्लगच्या प्लॅस्टिकवर रोखला तर एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त गरम आहे का ते कळतं. चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा दाखवतो.

करपलेला जोड पुन्हा घट्ट पिळून काम भागत नाही. तांबं काळं झालं असेल तिथवर वायर कापायची, स्वच्छ लालसर तांबं लागेपर्यंत मागे जायचं आणि नवं टोक, नवी टोपी लावायची. कॉम्प्रेसरचं वाइंडिंगच जळलं असेल तर बहुतेक वेळा अख्खा एसी बदलणं परवडतं, कारण कॉम्प्रेसर सीलबंद असतो आणि तो बदलायचा म्हणजे गॅस काढून नळ्या कापून पुन्हा जोडायच्या. नवा एसी बसवताना सॉफ्ट स्टार्टर बसवून घ्यावा असं माझं मत आहे. तो सुरुवातीचा करंट बराच खाली आणतो आणि अशक्त विजेवर कॉम्प्रेसरला हळू उठवतो.

गाडी भाड्याची असेल तर कंपनीच्या मदतक्रमांकावर बहुधा पहिला सल्ला मिळतो: ब्रेकर बंद-चालू करून बघा. जळका वास सांगितल्यावरही हा सल्ला मिळाला, तर तो मानू नये. वास कोणत्या मोडवर आला, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, त्या वेळी व्होल्टेज किती होतं, प्लग गरम होता का, हे त्यांना सांगावं, प्लगचा फोटो पाठवावा आणि तंत्रज्ञ येईपर्यंत एसी बंद ठेवावा. खांबाचा सॉकेट सैल किंवा तपकिरी असेल तर कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात तसं सांगून जागा बदलून घ्यावी. नव्या जागेवर प्लग लावण्याआधी खांबाचा ब्रेकर बंद आहे ना, हे पाहावं, आणि दुपारी चारच्या सुमारास एकदा व्होल्टेज वाचावं.